कुंदाताईंचं वाण

कुंदाताईंना नाही म्हणणं आमच्या सोसायटीत कुणालाच जमलं नाही. मला तर मुळीच नाही, कारण त्यांचं दार माझ्या दारासमोर होतं आणि नकार द्यायला माणसाला निदान एखाद्या मजल्याचं तरी अंतर लागतं. आता त्या दाराला कुलूप आहे. त्यांचे यजमान, पोतदारकाका, लेकीकडे नाशिकला गेले. परवा माझ्या लॅपटॉपवर कसलीशी इंग्रजी ओळ आली, खाली दोन बटणं, आणि मी सवयीने उठून चपला सरकवून दार उघडलं. समोर कुलूप दिसलं तेव्हा लक्षात आलं. आत येऊन लॅपटॉप मिटून ठेवला, तो अजून उघडलेला नाही.

कुंदाताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. अंगाने किरकोळ, आवाजाने दणदणीत. उमेदीची सगळी वर्षं ट्रंक कॉल जोडून देण्यात गेल्यामुळे समोरचा माणूस परगावी आहे असं धरूनच त्या बोलत. कपाळाला ठसठशीत कुंकू, घरातसुद्धा पायात कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला चष्म्याची दोरी. इथे पनवेलजवळ करंजाड्याला त्या राहायला आल्या त्या दिवशी देवघराच्या आधी त्यांचा कॉम्प्युटर वर चढला होता, आणि हमालाला "हळू रे, पोर झोपलंय असं समज" हे जिनाभर ऐकावं लागलं होतं.

त्यांच्या वेडाची सुरुवात एका अपमानातून झाली. पनवेलच्या बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने त्यांचा कॉम्प्युटर उघडूनही न बघता सांगितलं, "मॅडम, ह्याला आता भंगारात द्या." हा किस्सा त्या नेहमी एकाच रागाने सांगत. "मला म्हणाला असता तर मी ऐकून घेतलं असतं, मी साठी ओलांडलेली बाई. पण तो कॉम्प्युटर अजून शाळेत जायच्या वयाचा होता गं." तो रिक्षात मांडीवर घेऊन त्या घरी आल्या आणि चालत्या वस्तूला भंगार का म्हणतात ते शोधत बसल्या. शोधता शोधता त्यांना लिनक्स सापडलं. जगभरच्या लोकांनी मिळून तयार केलेली, कुणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी आणि पुढे द्यावी अशी कॉम्प्युटरची सिस्टिम, जी म्हाताऱ्या मशीनवरही बिनतक्रार चालते. काका म्हणाले, "फुकट आहे म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार." त्यावर ताई म्हणाल्या, "जन्मभर रेडिओवरची गाणी फुकटच ऐकलीत ना? काय गोम निघाली?"

ती सिस्टिम टाकायला त्या एकट्याच शिकल्या. टाकायची, बिघडवायची, पुसायची, पुन्हा टाकायची. "त्या वर्षी आमच्याकडे रोज वास्तुशांत असायची," असं काका सांगत. आणि स्वतःचं मशीन धावायला लागल्यावर त्यांना दुसऱ्या कुणाचं मशीन रांगताना बघवेना. जिन्यात भेटल्या की "कशी आहेस" च्या आधी "चालू व्हायला किती वेळ घेतो गं तुझा?" हा प्रश्न ठरलेला. वेळ घेतो असं कुणी कबूल केलं रे केलं, की ताई मान हलवत. "थकलेला नाहीये तो. थकवलाय त्याला."

मी एका रविवारी सकाळी सापडले. हातात पोह्यांची चाळणी होती. ताई आत आल्या, टेबलापाशी बसल्या आणि त्यांनी ओच्यातून स्टीलचा छोटा डबा काढला. पूर्वी त्यात लवंगा-वेलदोडे असायचे, त्यामुळे त्यांच्या सगळ्या पेनड्राइव्हना वेलदोड्याचा वास येई. मी म्हटलं, "ताई, चालतोय तो. राहू द्या." "चालतोय? तू बटण दाबतेस आणि तो उघडेपर्यंत तुझा वरणभात होतो, मला आमच्या घरात शिट्ट्या ऐकू येतात," त्या म्हणाल्या. पुढे माझं काही चाललं नाही. पोहे त्यांनीही खाल्ले, मशीन पुसून झालं, आणि दुपारी माझ्यासमोर एक लखलखीत, चपळ आणि संपूर्ण अनोळखी लॅपटॉप होता. माझ्याच घरात मी पाहुणी झाल्यासारखी त्यात हिंडत होते.

पण त्यांचे दोन नियम होते आणि ते त्यांनी कधी मोडले नाहीत. पहिला नियम बॅकअपचा. जुनी सिस्टिम पुसायच्या आधी माणसाने आपले फोटो, कागद, गाणी सगळं दुसरीकडे उतरवून ठेवायचं. "घेतलाय" म्हटलेलं चालत नसे. त्या तळवा पुढे करत आणि म्हणत, "हातात दाखवा." मग आपण ती पेनड्राइव्ह किंवा डिस्क त्यांच्या हातावर ठेवायची, त्या मूठ मिटून तिचं वजन घेतल्यासारखं करत, आणि मगच कामाला लागत. इंटरनेटवर कुठे ठेवलंय म्हटलं तर त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. "दुसऱ्याच्या माळ्यावर आपली ट्रंक कशाला ठेवायची?" दुसरा नियम शेवटच्या बटणाचा. सगळं पुसून नवीन टाकू का, असं मशीन विचारतं तेव्हा ते बटण त्या कधीही स्वतः दाबत नसत. मालकाला बोलावत. "हे तू दाबायचं. मशीन तुझं आहे, मी फक्त लाइन जोडून देणारी."

त्यांच्या हातून सगळंच सुधारत असे असं मात्र नाही. सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर त्यांनी सुधारला तेव्हा उत्साहाच्या भरात सगळा मराठी करून टाकला. सचिव शिंदे संध्याकाळी पावती फाडायला आले तर समोर "जतन करा", "रद्द करा", "विस्थापित करा". त्यांनी बराच वेळ हात मागे बांधून स्क्रीन न्याहाळला. ताई म्हणाल्या, "आपल्या भाषेत आहे, अडचण काय आहे?" शिंदे अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "ताई, मराठीत आहे म्हणून तर काही कळत नाहीये हो." पुढच्या मीटिंगमध्ये ठराव आला, चर्चा झाली, ताईंनी भाषण केलं, आणि कॉम्प्युटर मराठीतच राहिला. शिंदे अजूनही आमच्या पावत्या हाताने लिहितात.

घरात काकांचा प्रिंटर होता. लिनक्स आल्या दिवसापासून त्या प्रिंटरने जे मौन धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. ताई दर आठवड्याला त्याच्याशी झटत आणि "ह्या वेळी जवळजवळ जमलं" असं जाहीर करत. काका आपली कागदाची गुंडाळी घेऊन नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जात. एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाले, "लग्नाआधी मला कुणी प्रिंटरबद्दल विचारलं नव्हतं." पण हे म्हणताना ते हसत होते. बायको एखाद्या गोष्टीत इतकी बुडालेली असणं त्यांना मनातून आवडत असावं.

आणि मग ते वाण. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी वाट्या लुटतं, कुणी गाळणी, कुणी प्लास्टिकचे डबे. त्या वर्षी कुंदाताईंनी लाल पेनड्राइव्ह लुटल्या. तिळगूळ, अत्तर, गुलाबपाणी, आणि ओटीत एक पेनड्राइव्ह, आत लिनक्स भरलेलं. शेजारपाजारी गेलेली भांडी ओळखू यावीत म्हणून आपण बुडाला नेलपॉलिशचा ठिपका देतो, तसा प्रत्येकीवर त्यांनी पांढरा ठिपका दिला होता. बायका ती उलटसुलट करून बघत होत्या. एक जण म्हणाली, "ह्याचं करायचं काय पण?" तेव्हा कुंदाताई खुर्ची सरकवून उभ्याच राहिल्या. "वाटी दिली की आपल्याकडची वाटी जाते. हे कॉपी करायचं आणि पुढे द्यायचं. दिलं तरी आपल्यापाशी उरतं. असं वाण मला दुसरं दाखवा." बोलताना त्यांचा आवाज चिरकला होता. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, घरी गेलो आणि आतलं लिनक्स पुसून त्यात मुलांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ, भजनं आणि रेसिप्या भरल्या. ताईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे. रिकामी तर नाही ना राहिली?"

त्यातलीच एक पेनड्राइव्ह गेली हसुराम म्हात्रेच्या घरी.

हसुराम पलीकडच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो. तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात शिफ्टला जातो. त्याचं गाव खाडीकाठचं, आता ते विमानतळात गेलं. लोक उठले, घरं पडली, शेजारची टेकडी फोडून तिचाच भराव खाजणावर आणि गावावर पसरला. अगदी शेवटी निघालेल्यांत म्हात्रे होते. हसुरामची आई, तिला आम्ही सगळेच आजी म्हणतो, घर सोडायला तयारच नव्हती. घराभोवतीचा भराव खिडकीच्या उंचीला आला तरी ती आत चूल पेटवून बसलेली, असं हसुराम सांगतो. तिथून निघायच्या आधी त्याने एका मित्राचा कॅमेरा आणून गावातलं प्रत्येक घर, विहीर, देऊळ, मासे सुकवायच्या वलांड्या, सगळ्याचे फोटो काढून ठेवले होते.

आजी दिवसभर गॅलरीत बसते. डोक्यावरून विमान खाली उतरायला लागलं की हात वर करून सांगते, "तो बघ, आमचे चुलीवर उतरला." आणि संध्याकाळी हसुराम किंवा त्याची बायको तिला कॉम्प्युटरवर घर दाखवी. फोनवर तिला दिसत नाही, म्हणून खास मोठ्या स्क्रीनचा जुना कॉम्प्युटर घेतला होता. सगळे फोटो बघून झाले तरी एक फोटो तिला पुन्हा लागे. ओटीवर आजोबा जाळं विणत बसलेत आणि शेजारी आजी सुपात काहीतरी पाखडतेय. गाव उठायच्या धामधुमीतच आजोबा गेले. हा फोटो पाहिल्याशिवाय आजी जेवायला बसत नसे.

तो कॉम्प्युटर इतका मंदावला की घर उघडेपर्यंत आजीचा डोळा लागायचा. म्हणून हसुराम आपण होऊन कुंदाताईंकडे आला. ताईंना त्या दिवशी केवढा आनंद झाला होता. त्यांच्याकडे आपण होऊन येणारा माणूस विरळाच, आम्ही सगळे गाठले गेलेले.

मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते, ते राहिलं आणि मीच तिथं बसले. हसुरामने काखेतला डबडा कॉम्प्युटर टेबलावर ठेवला. ताईंनी तळवा पुढे केला. "बॅकअप?"

"घेतलाय, ताय."

"हातात दाखव."

हसुरामने खिशातून लाल पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातावर ठेवली. "सगला गाव हाय ह्याच्यात," तो म्हणाला. ताईंनी मूठ मिटली, वजन घेतलं, म्हणाल्या, "शाब्बास. लोकांना शिकवून शिकवून मी दमले, तू पहिल्या फटक्यात आणलास." आणि टेबलावर चहाचे कप, तारा, स्क्रू असा पसारा होता म्हणून, कुठे हरवू नये म्हणून, त्यांनी ती वेलदोड्याच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं. मी हे बघत होते. मला त्यात काहीही वावगं दिसलं नाही, आणि अजूनही विचार केला तर वाटतं, कुणालाच दिसलं नसतं.

मशीन फारच जुनं निघालं. ताईंकडचं तयार लिनक्स त्यावर चालेना, हलकं लागणार होतं. त्यांनी ते इंटरनेटवरून उतरवून घेतलं. तोवर हसुराम गावाच्या गोष्टी सांगत होता, काका चहा गाळत होते, ताई "हो का" "मग?" करत ऐकत होत्या. उतरवून झाल्यावर त्यांनी डबा उघडला, संक्रांतीच्या उरलेल्यांतली एक पेनड्राइव्ह काढली, आणि तिच्यावर ते हलकं लिनक्स भरायला लावलं. ह्या पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, असं मशीनने विचारलं. त्यांनी हो म्हटलं. पेनड्राइव्हचं काय, त्यांच्या स्वतःच्या होत्या त्या. मग ती हसुरामच्या कॉम्प्युटरला लावली, सगळं शेवटच्या बटणापर्यंत आणलं, आणि नियमाप्रमाणे उठून खुर्ची त्याला दिली. "हे तू दाबायचं." हसुरामने हात पँटला पुसले आणि बटण दाबलं.

मशीन छान झालं. इतकं झटपट उघडलं की हसुराम खुदकन हसला. ताई म्हणाल्या, "बघितलंस? थकवला होता त्याला. आण, आता तुझं गाव परत आत घालू." आणि डबा उघडला.

डब्यात लाल पेनड्राइव्ह होत्या. पांढऱ्या ठिपक्याच्या. त्यांनी एक लावली, तिच्यात लिनक्स होतं. दुसरी लावली, तिच्यातही तेच. त्या भराभर लावत गेल्या, मग डबा सोफ्यावर पालथा केला, वेलदोड्याची सालं पडली. मला आठवतंय, त्या एक एक लावत होत्या तेव्हा अजून बोलत होत्या, आणि मग त्यांचं बोलणं थांबलं. डब्यातल्या सगळ्या बघून झाल्या होत्या. राहिली होती ती हसुरामच्या कॉम्प्युटरला लावलेली. त्यांनी ती ओढून काढली आणि डोळ्यांजवळ धरली.

"हसुराम, तुझ्या पेनड्राइव्हला ठिपका होता?"

"व्हता ना. तुमीच दिलती ती संक्रांतीला, आमचे मंडलीला."

ताई खाली बसल्या. काका पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्या दिवशी मी कुंदाताईंचा बारीक आवाज पहिल्यांदा ऐकला. "तीच वापरली मी," त्या म्हणाल्या. हसुरामला कळायला थोडा वेळ लागला. कॉम्प्युटरमधलं पुसलं गेलं होतं आणि पेनड्राइव्हमधलंही, आणि कॉम्प्युटरचं बटण तर त्याने स्वतःच दाबलं होतं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ताईंना तेच हवं होतं, त्या त्याच्याकडे तशाच बघत होत्या. तो म्हणाला, "जाऊ द्या, ताय. तुमी काय मुद्दाम केलात?" कॉम्प्युटर काखेत घेतला, चपला घातल्या, आणि दारात वळून म्हणाला, "आयला काय सांगू, त्याचाच इचार हाय."

त्याने आजीला सांगितलं, कॉम्प्युटर आजारी आहे. आजीने ते लगेच मान्य केलं. त्यानंतर रोज संध्याकाळी ती गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "बरा झाला का?" भाजी घेऊन येताना मलाही विचारलं. मी "होईल हं आजी" म्हटलं आणि पुढे गेले. दुसरं काय म्हणणार होते?

कुंदाताईंनी त्यानंतर कुणाचंही मशीन हातात घेतलं नाही. जिन्यात भेटल्या तर कुणाला काही विचारत नसत, आणि त्यांनी न विचारल्याने आम्हालाच चोरट्यासारखं वाटायचं. त्यांच्या घरात आता एकच काम चालू होतं. पुसलेल्या जागेतूनही शिल्लक राहिलेले तुकडे वेचून काढणारे प्रोग्रॅम असतात. वरून नवीन लिहिलं गेलेलं परत येत नाही, पण ज्या जागेवर अजून काही लिहिलं गेलेलं नाही तिथलं कधी कधी मिळतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. हसुरामकडून त्यांनी कॉम्प्युटरची डिस्कही मागून आणली होती. ते प्रोग्रॅम तासन्‌तास चालत, ताई समोर बसून राहत, आणि काका ताट वाढून त्यांच्या बाजूला ठेवत. एकदा मी म्हटलं, "ताई, तुम्ही समोर बसल्याने काही जास्त मिळणार आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही गं. पण उठून दुसरं काय करू?"

त्या गावातल्या इतर लोकांकडेही जाऊन आल्या. विमानतळात गेलेल्या गावांतली माणसं करंजाड्यात इकडेतिकडे विखुरलेली आहेत. त्यांनी दारोदार जाऊन विचारलं. लोकांनी चहा दिला, लग्नाचे अल्बम दाखवले. नवरानवरीच्या मागे मांडव, मांडवाच्या मागे कुणाचं तरी छप्पर. म्हात्र्यांची ओटी कुणाच्याच फोटोत नव्हती. आपल्या ओटीचा फोटो आपणच काढतो, दुसरा कशाला काढेल, असं एक बाई त्यांना म्हणाली. ते त्यांनी मला दोनदा सांगितलं.

जे सापडलं ते असं होतं. कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, कारखान्यातल्या पूजेचे फोटो, एक कुत्रा, आणि गावाचे मोजके तुकडे. विहिरीचा काठ. देवळाचा कळस. आणि तो फोटो. तो मात्र अर्धाच होता. वरची कौलं स्वच्छ, कौलांखालचा वासा, वाशाला टांगलेलं जाळं, आजोबांच्या टोपीचं टोक. त्याच्या खाली एक सरळ रेघ आणि रेघेखाली सगळा सपाट राखाडी रंग. ताईंनी त्याच्यावर जंग जंग पछाडलं. दुसरा प्रोग्रॅम, तिसरा प्रोग्रॅम, परदेशातल्या लोकांना प्रश्न. सगळ्यांनी तेच सांगितलं, खालचं आता कुठेच नाही.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. आपला छोटा लॅपटॉप छातीशी धरला होता. "मी आजींना खरं काय ते सांगणार आहे. तू फक्त बरोबर चल." जिना उतरताना त्या पुटपुटत होत्या, काय बोलायचं ते घोकत असाव्यात. एवढ्या बोलक्या बाईला एक वाक्य पाठ करावं लागत होतं, हे बघून मला रडायला येत होतं.

हसुरामची पहिली शिफ्ट होती, तो घरीच होता. आजीला खाटेवर बसवलं होतं. ताईंनी बूट दाराशी काढले, ते मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्या खाली फरशीवर बसल्या, लॅपटॉप मांडीवर. "आजी, घर आणलंय. पण पुरतं नाही आणता आलं."

आजी वाकली. पदराने आधी स्क्रीन पुसला, मग डोळे. "कौलां," ती म्हणाली. "आमचीच हायेत. ती फुटकी हाय ना, त्याचेवरनं वलखली." मग तिचं बोट खाली सरकत गेलं, वाशावरून, जाळ्यावरून, टोपीच्या टोकाशी आलं, आणि त्या राखाडी रंगावर थांबलं. 

"भराव वर आला रं, हसु," ती म्हणाली. "पार कौलांपरत आला."

हसुराम भिंतीकडे बघत होता.

"म्हातारा इकरं बसलेला. त्याला उठवलास का नाय?"

कुंदाताई सरळ बसल्या. मग त्यांनी आवाज काढला, ट्रंक कॉलवरचा जुना मोठा आवाज. "आजी, हा भराव नाहीये. हा तुमचा फोटो आहे. तो माझ्या हातून पुसला गेला. खालचं मला आणता आलं नाही." आजीने ऐकून घेतलं. "तुमचा काय त्याच्यात, बाय," ती म्हणाली. "भराव तो. तो कोनाला थांबतो?" ताईंनी लॅपटॉप खाली ठेवला आणि आजीचा हात दोन्ही हातांत धरला. "नाही आजी. हे मी केलंय. माझी चूक आहे."

आजी त्यांच्याकडे बघत राहिली. कोण ही बाई, असं आत्ता पहिल्यांदा तिच्या मनात आल्यासारखं.

"कवरी मानसां आली आमचे दारात," ती म्हणाली. "सायेब आलं, मोजनीवालं आलं, गारीवालं आलं. सगली म्हनली, आमी नाय केला, वरनं आलाय." तिने आपला हात सोडवून घेतला आणि ताईंच्या डोक्यावर ठेवला. "तू पयली बाय, म्हनतेस मी केला. बस. च्या घे."

मला तिथं थांबवेना. घरी कुकर लावायचा आहे असं काहीतरी सांगून मी निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने माहेरी गेले, आणि काकांचा फोन आला तो तिथेच आला. ताई झोपेत गेल्या, म्हणाले. मी परतले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यामुळे त्या संध्याकाळी दारातून वळून बघताना दिसल्या तेवढ्याच कुंदाताई माझ्याकडे उरल्या आहेत. फरशीवर मांडी घालून बसलेल्या, लॅपटॉप पुन्हा मांडीवर, बाजूला चहा तसाच. आजी खाटेवरून वाकून त्या अर्ध्या घराकडे बघतेय. काही केलं नाही की स्क्रीन थोड्या वेळाने आपोआप काळा व्हायला लागतो. तो काळवंडायला लागला की कुंदाताई एक बोट हलकेच टेकवत होत्या आणि कौलं पुन्हा उजळत होती. आजीचं बघून होईपर्यंत त्यांना तेवढंच करता येण्यासारखं होतं, आणि त्या ते करत होत्या.